हात वर होईपर्यंत

जुन्या मोंढ्याच्या कोपऱ्यावर सायकलचं हँडल मागून माझ्या कोपराला घासलं आणि मी वळून त्या माणसाच्या कानाखाली मारली. विचार करून मारली असं नाही. आधी हात गेला, मग आवाज झाला, आणि मग माझ्या लक्षात आलं की हा हात माझा आहे. माणूस साधा होता, लोखंडाच्या कारखान्यात कामाला जाणारा असावा. हँडलला डबा अडकवलेला होता तो खाली पडून उघडला आणि भाकरी रस्त्यावर गेली. तो कान धरून उभा राहिला. मला वाटलं आता हा मला मारेल. मारावं असं मला वाटतही होतं. पण तो नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "घंटी वाजवली की साहेब. दोन डाव वाजवली." पानटपरीवाला कात लावता लावता थांबला होता, तोही म्हणाला, "वाजवली व्हती, म्या ऐकली." मी ओरडलो, "मग मला का ऐकू आली नाही?" त्या माणसानं भाकरी उचलली, फुंकली, डब्यात ठेवली आणि सायकल हातात धरून चालत निघून गेला. सकाळचे साडेनऊ वाजले होते. माझा तळहात झणझणत होता, आणि खोटं कशाला बोलू, त्या झणझणण्यात बरं वाटत होतं.

दहा दिवस असंच चाललं होतं. मागून काहीही आलं की माझं अंग उडायचं. लॉजच्या पोऱ्यानं मागून चहाचा ग्लास पुढे केला तर मी तो भिंतीवर फेकला. बायकोचा फोन आला, तिनं "जेवलात का" विचारलं, तर मी तिला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. अकरा वाजता मला विश्रामगृहावर जबाब द्यायचा होता. तीर्थपुरीच्या पुढे नदीकाठच्या वावरात, दहा दिवसांपूर्वी, दुपारी सव्वातीन वाजता, मी बनवलेल्या गाडीखाली माझा सख्खा चुलता धुळाजी चिरडून मेला होता. चौकशी त्याचीच. जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, गाडीही कुणी लपवली नव्हती. फक्त एक गोष्ट मला एकट्याला माहीत होती, निदान मला तसं वाटत होतं, आणि ती सांगायची की नाही हे मला अकराच्या आत ठरवायचं होतं. म्हणून मी रिक्षा न करता चालत निघालो.

गाडीला आम्ही कारखान्यात मुकी म्हणायचो. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं, लष्कराच्या टेहळणीसाठी वगैरे. पाच वर्षं मी तिच्यामागे होतो. डिझेलचं इंजिन होतं, पण ते चाकांना जोडलेलंच नव्हतं. त्यानं फक्त वीज करायची आणि बॅटऱ्यांत भरायची. चाकांना विजेच्या मोटारी. शत्रूच्या जवळ आलं की इंजिन बंद करायचं आणि पुढचे वीस किलोमीटर नुसत्या बॅटरीवर जायचं. ना धूर, ना घरघर. चार टनांची गाडी शेजारून जाते आणि आपल्याला फक्त चाकाखालचं ढेकूळ फुटल्याचं कळतं, तेही लक्ष असेल तर. काळ्या मातीत तर तेवढंही नाही. म्हणूनच चाचणीला जागा शोधताना मी आपला मुलूख सुचवला. कापूस निघून गेलेली वावरं, भुसभुशीत काळी जमीन, नदीकडून येणारा वारा. मला अभिमानही मिरवायचा होता, तो काही कमी नव्हता. धनगराचं पोर घनसावंगीहून शिकायला गेलं आणि लष्करी गाडी घेऊन परत आलं.

चाचणीची रीत साधी होती. एक माणूस पाठमोरा बसवायचा. गाडी मागून येणार, त्याच्या डाव्या अंगानं दहा फूट अंतर ठेवून पुढे निघून जाणार. ऐकू आलं की त्यानं हात वर करायचा. हात वर झाला की मी वायरलेसवर "थांब" म्हणायचं, आणि तिथून त्याच्यापर्यंतचं अंतर टेप लावून मोजायचं. पहिल्या दिवशी तीन जवान बसले. कुणी सत्तर मीटरवर हात केला, कुणी साठवर. मी खूश झालो. लष्कराकडून चाचणी बघायला आलेले कर्नलसाहेब झाले नाहीत. ते म्हणाले, ही पोरं बॅरेकमध्ये दिवसभर गाणी ऐकतात, यांच्या कानांचं काय घेऊन बसलात. आणि तिथं माझी जीभ सुटली. मी म्हणालो, साहेब, ऐकणारा माणूस पाहिजे तर मी देतो. माझा चुलता. चाळीस वर्षं मेंढरांमागे आहे. लांडगा वाळक्या गवतात पाय टाकतो तो याला झोपेत कळतो. गावात अजून सांगतात की रस्त्याला जीप लागायच्या आधी धुळाजी सांगायचा, कुणाची आहे ती. साहेबांचे डोळे चमकले. हे सगळं मी बोललो तेव्हा मला काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं, याच्यावरच मी दहा दिवस डोकं आपटतोय.

कारण मला माहीत होतं. एक्क्याऐंशी साल. मी अकरा वर्षांचा. माझ्या बापानं, आबारावानं, आपल्या वाटणीची मेंढरं विकून घनसावंगीच्या शिवारात चार एकर घेतले होते आणि विहिरीवर डिझेलचं इंजिन बसवलं होतं. त्या इंजिनाच्या पायाशी मी दिवस दिवस बसायचो; मला त्या तेलाच्या वासाची भूल पडली होती. चुलत्यानं, धुळानानानं, मेंढरं सोडली नाहीत. तो फिरायचा, लोकांच्या वावरात खतासाठी कळप बसवायचा, चार रात्री इथे, सहा रात्री तिथे. त्या दिवशी त्याचा कळप आमच्या नव्या उसात शिरला. बाप इंजिन चालू करत होता, हँडल हातातच होतं. लोखंडी, कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढं लांब, वाकडं. तो धावत गेला आणि त्यानं भावाच्या डाव्या कानावर हँडल घातलं. एकदा. मग नाना खाली बसला तेव्हा परत एकदा. इंजिन धडधडत होतं. नानाचं तोंड उघडं होतं, तो ओरडत असणार, पण मला काहीच ऐकू येत नव्हतं. नुसतं तोंड दिसत होतं आणि कानातून येणारं रक्त, ते मानेवरून बंडीत चाललेलं. बाप परत आला, हँडल पाण्याच्या पाटात धुतलं आणि माझ्या हातात दिलं, "जागेवर ठिव." मी ठेवलं.

संध्याकाळी मी नानाच्या पालावर गेलो. त्याची बायको, बायनाकाकू, हळद गरम करून त्याच्या कानात सोडत होती. नाना म्हणाला, "बद्री, डावा गेला रे. बिलकुल गेला. कुनाला सांगू नको. बहिऱ्या धनगराला कोन वावरात बसू देईल? म्हनतील रातीला चोर आला तरी याला कळायचं न्हाई." मी आईची शपथ घेतली. आणि ती अशी पाळली, अशी पाळली की पुढे पुढे मलाच ती आठवेनाशी झाली. उजवा कान वयानं गेला असणार. पण नानाचं नाव तसंच राहिलं, कारण नानानं कुत्रं पाळलं. एक मेलं की दुसरं. बसला की उजवा हात कुत्र्याच्या मानेवर. कुत्र्याचे केस उभे राहिले की नाना मान वर करून म्हणायचा, जीप आली. लोक तोंडात बोट घालायचे. मी लहानपणी हा हात शंभर वेळा पाहिला होता. मानेवर ठेवलेला हात, केसांत रुतलेली बोटं. पाहिला होता म्हणजे माहीतच होतं, नाही का? मोठेपणी अभियंता झालो, डेसिबल मोजायला शिकलो, आणि चुलत्याचे कान तेवढे गोष्टीतले घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला आणायला गेलो. पलीकडच्याच वावरात त्याचा कळप बसला होता. सत्तरीला टेकलेला, वाळलेला, पण ताठ. कर्नलसाहेबांच्या समोर मी त्याला सगळं समजावलं, हातवारे करून, मोठ्यानं. तो माझ्या ओठांकडे बघत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "बसतो की. भुऱ्या बसल माझ्यापाशी." भुऱ्या म्हणजे त्याचं त्या वेळचं कुत्रं, मातकट रंगाचं, एक डोळा फुटका. मी म्हणालो, नाना, कुत्रं चालायचं नाही, नियमात बसत नाही, भुंकलं की चाचणी वाया. तो म्हणाला, "कुत्र्याबिगर म्या कव्हा बसलो न्हाई, बद्री." आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आत्ता, मोंढ्याच्या रस्त्यानं चालताना, भाजीवाल्या बायांच्या मधून वाट काढताना, जसंच्या तसं दिसत होतं. तो मला विचारत होता. तुला ठाऊक आहे ना? तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? आणि चार लोकांसमोर त्याला याहून जास्त बोलता येत नव्हतं. नाही म्हणता येत नव्हतं, कारण नाही म्हटलं की चाळीस वर्षांचं नाव तिथेच मातीत गेलं असतं. मी म्हणालो, "नाना, दहा मिनिटांचं काम हाय. जल्दी आटपू." मग त्यानंच कुत्र्याचं डोकं मांडीत धरलं आणि मी माझ्या खिशातला रुमाल काढून त्याचं तोंड आवळून बांधलं. धन्यानं धरलंय म्हणून ते कुत्रं हललंसुद्धा नाही. मग मी त्याला, नाना बसणार होता तिथून पुढे डाव्या हाताला, बाभळीच्या बुंध्याला, मेंढरांच्या दाव्यानं बांधलं. बायनाकाकू कळपापाशी उभी राहून कपाळावर हात धरून बघत होती.

मी बांधावर उभा होतो, वायरलेस हातात. मुकी तिकडून निघाली. ड्रायव्हर अप्पाराव आत, झडप लावलेली. त्याला पुढच्या एका अरुंद फटीतून लांबचं तेवढं दिसतं, जवळचं आणि बाजूचं काही दिसत नाही. म्हणून तर थांबवायचं काम माझं. दोनशे मीटर. दीडशे. नाना उकिडवा बसलेला, उजवा हात गुडघ्याच्या शेजारी हवेतच, जणू तिथे कुत्र्याची मान आहे. शंभर. हात वर नाही. ऐंशी, सत्तर. जवानांचे आकडे मागे पडायला लागले आणि माझ्या छातीत काहीतरी उसळलं. साठ. कर्नलसाहेब माझ्याशेजारी हळूच "शाबास" म्हणाले. मी वायरलेसवर आकडे म्हणत होतो, मोठ्यानं, लग्नात आहेर पुकारावा तसा. चाळीस. तीस. या क्षणी मला ते माहीत होतं का? होतं. मी शपथेवर सांगतो, होतं. तीस म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर हँडल आलं आणि मी ते बाजूला सारून वीस म्हणालो. तेवढ्यात बाभळीखाली कुत्रं उसळलं. तोंड बांधलेलं, म्हणून भुंकत नव्हतं. दाव्याला हिसके देत नुसतं उडत होतं, जमिनीवर आपटत होतं, परत उडत होतं. नानानं ते पाहिलं. तो उठला. त्याला वाटलं असेल, कुत्र्याला फास लागला. तो कुत्र्याकडे धावला, डावीकडे, सरळ वाटेवर. आणि मी, माझ्या हातात वायरलेस होता, माझं बोट बटणावर होतं, तोंड उघडं होतं, आणि त्या तोंडातून "थांब" निघायच्या जागी निघालं, "पाच."

आवाज झाला तो एवढासाच. ओलं लाकूड मोडावं तसा. मुकीचा मात्र तेव्हाही आवाज नव्हता. अप्पाराव पुढे वीस फूट जाऊन थांबला, तेही मी किंचाळल्यावर. पुढचं चाक कमरेवरून गेलं होतं, मागचं छातीवरून. काळी माती मऊ असते, तिच्यात माणूस अर्धा रुतला होता. तोंडातून, नाकातून रक्त, आणि कानातून. त्याच कानातून. मी त्याला हलवायला गेलो तर हात खांद्यापासून वेगळाच हलला. मग ते कुत्रं आलं. दावं तोडून आलं होतं, मानेचं कातडं सोलून निघालेलं. तोंड अजून माझ्या रुमालात. चावता येत नव्हतं, भुंकता येत नव्हतं, म्हणून ते आपलं बांधलेलं तोंड माझ्या गुडघ्यांवर आपटत राहिलं. धाड, धाड, परत मागे जाऊन धाड. मी त्याला लाथ मारली. ते परत आलं. मी बुटाचं टोक त्याच्या बरगडीत घातलं, पुन्हा पुन्हा घातलं, ते निपचित पडेपर्यंत, आणि मग कर्नलसाहेबांनी मला मागून धरलं. दुसऱ्या दिवशी ते मेलं म्हणतात. त्याच्या तोंडावरचा रुमाल कुणी सोडला, मला ठाऊक नाही.

विश्रामगृहाच्या पायरीवर अप्पाराव बसला होता. अंगात तोच त्या दिवशीचा शर्ट. मला बघून उभा राहिला नाही. एरवी राहायचा. "साहेब," तो म्हणाला, "तुमी थांब म्हनला अस्ता तर म्या जागच्या जागी थांबलो अस्तो." मी म्हणालो, "माहीत आहे." "ते तर मला दोषी धरून राह्यले." मी त्याच्या शेजारून पायऱ्या चढलो. व्हरांड्यात आमच्या कंपनीचे मोठे साहेब भेटले, खांद्यावर हात ठेवला. बद्रीनाथ, दुःख आहेच, पण लष्कराचे लोक प्रभावित झालेत. असा कानाचा माणूस, आणि त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. अहवालात शून्य मीटर लागेल. शून्य! ड्रायव्हरनं वाट सोडली एवढंच म्हणायचं. तुमच्या पाच वर्षांचं सोनं होईल. मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. त्यांना तो राग वाटला नाही, शोक वाटला.

आत लांब टेबल, एक मेजर, मोठे साहेब, आणि कोपऱ्यात संगणकावर टंकलेखक. भिंतीशी खुर्चीवर बायनाकाकू. कपाळ मोकळं, हातात नानाची काठी. तिचा जबाब आधी झाला. मेजरनी नीट, हळू आवाजात विचारलं, "आजी, त्यांना ऐकायला येत होतं ना?" तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "न यायला काय झालं? लई बराबर ऐकू येत व्हतं. मुंगी चालली तरी ऐकू यायचं माझ्या मालकाला." आणि काठी घट्ट धरली. शून्य मीटर पक्कं झालं. मला आता फक्त मान डोलवायची होती. गाडी पास, मी मोठा, काकूच्या नवऱ्याचं नाव शाबूत, आणि अप्पाराव तेवढा जाणार. तळहात अजून झणझणत होता. मेजरनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, "साहेब, ते बहिरे होते. डावा कान एक्क्याऐंशी सालापासूनच गेला होता. माझ्या वडलांनी कानावर इंजिनाचं हँडल मारलं होतं, मी पाहिलंय. मला माहीत होतं. या चाचणीला काही अर्थ नाही."

टंकलेखकाची बोटं चालत होती. मेजरनी पेन खाली ठेवलं. मोठ्या साहेबांचा चेहरा आधी पडला, मग सावरला. त्यांचं डोकं माझ्याहून जल्दी चालतं. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "त्यांनी हे आपल्यापासून लपवलं. आपणहून बसले. मग यात ड्रायव्हरचाही दोष नाही, कुणाचाच नाही. चाचणी पुन्हा घेऊ." मेजरनी मान डोलावली. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. आणि मलाही, हे सांगताना लाज वाटते, पण मलाही हलकं वाटलं. खरं बोललो होतो. खरं बोलणाऱ्या माणसाला जो एक माज येतो तो माझ्या अंगात चढायला लागला होता. काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. काकू उठली, माझ्यासमोर आली, आणि तिनं माझ्या डाव्या कानावर मारलं. उघड्या पंजानं, आयुष्यभर लोकर पिंजलेल्या हातानं. माझा चष्मा टेबलाखाली गेला. कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली आणि खोलीतले बाकीचे आवाज एका बाजूला गेले. मेजर उठले. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"त्याचं झाकलेलं उघडं केलंस," ती म्हणाली. उजव्या कानानं मला ऐकू येत होतं. "जन्मभर म्या झाकलं व्हतं. तू एका घडीत सोडलंस आन् मेलेल्या मानसावर टाकून मोकळा झालास. ठीक हाय. मंग आता अर्धं काहून सांगतो? पुरतं सांग. कुत्रं कुनी बांधलं?"

कुत्र्याचं काय, असं मोठे साहेब पुटपुटले. मी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं, बांधावर राहिलं होतं तसं, आणि मला भीती वाटली की आताही त्यातून एखादा आकडाच निघेल. काकू माझ्या ओठांकडे बघत होती. नाना बघायचा तसं.

"मी बांधलं," मी म्हणालो. "कुत्रं हेच त्यांचे कान होते. ते नको म्हणत होते आणि मी बांधलं. तोंडही मीच बांधलं. आणि ते उठले तेव्हा मला थांब म्हणायचं होतं. मी पाच म्हणालो."

टंकलेखकाचे हात थांबले होते. तो मोठ्या साहेबांकडे बघत होता. काकूनं भिंतीची काठी घेतली, त्याच्या टेबलापाशी गेली आणि काठीचं टोक त्या टेबलावर ठेवलं.

"लिव्ह," ती त्याला म्हणाली.